विझत्या ढगाचा वारा

कोरगावच्या सगुण कांबळीला वाटेत कुणी "काय सगुणा, बरो मां?" असे विचारले, तर तो आधी आभाळाकडे बघतो आणि मग उत्तर देतो. त्यात उद्धटपणा काही नाही. बत्तीस वर्षे त्याने पोट त्यावरच भरले आहे. त्यातली एकोणतीस वर्षे मुरगावकडच्या जुन्या विमानतळावर गेली आणि आता तीन वर्षे झाली, तो पेडण्याच्या उंच, सपाट सड्यावरच्या नव्या विमानतळावर हवामान निरीक्षक आहे. दर अर्ध्या तासाने बाहेर यायचे, आभाळाचे मनात आठ भाग पाडायचे, त्यांतले किती ढगांनी व्यापले ते बघायचे. ढग कोणत्या जातीचा, किती उंचावर, वारा कुठून, नजर किती लांब पोचते, हे सगळे ठरलेल्या नमुन्यात लिहून पाठवायचे. त्याची बायको देवकी म्हणते, "सगळो जन्म वर बघण्यात गेलो. एकदा खाली बघा, दोन पायांत दोन तऱ्हेच्यो चपली आसत." आणि एकदा त्या खरोखरच तशा होत्या.

सगुणला दोन गोष्टींचा अभिमान होता. पहिली म्हणजे त्याचे डोळे, ज्यांना सत्तावन्नाव्या वर्षीही चष्मा नव्हता. दुसरी म्हणजे त्याचे भाषण.

हे भाषण वर्षातून एकदा, वळवाचे ढग उठायला लागले की होई. विमान कंपन्यांचे पंचवीस-तीस वैमानिक येत आणि सगुण त्यांना गडगडाटी ढगाचे आयुष्य समजावून सांगे. अठरा वर्षे ते भाषण त्याचेच होते. इंग्रजी त्याचे बेताचे, हिंदी त्याहून बेताची. पण फळ्यावर तो असा ढग काढी की बघणाऱ्याला गार वाटावे. ढगाला तीन वये असतात, असे तो सांगे. पहिले पोरवय. तेव्हा ढगात वारा फक्त वर जातो, पाऊस नसतो, कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कडक असतात. वैमानिकाला वाटते, लहानसा तर आहे, डोक्यावरून काढू विमान. पण पंधरा मिनिटांत तो विमानापेक्षा उंच होतो. मग भरवय. पाऊस सुटला म्हणजे वारा खालीही यायला लागला. वर जाणारा आणि खाली येणारा वारा शेजारी शेजारी, त्यात वीज, त्यात गारा. अशा ढगापासून वीस मैल लांब राहा. दोन ढगांच्या फटीतून वाट काढू नका, कारण पुढच्या ढगाच्या आड तिसरा उभा असतो आणि विमानातले रडार तो दाखवत नाही. चुकून आत शिरलातच तर मागे वळू नका. पंख सपाट ठेवा आणि सरळ बाहेर पडा. आणि शेवटी म्हातारपण. त्याबद्दल बोलताना सगुणचा आवाज खाली येई, कारण लोक त्याच वयाला फसतात, असे त्याचे मत होते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर रेश्मा गांवस त्या कार्यालयात आली. डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्शाची, वय सव्वीस, केस घट्ट बांधलेले, स्कूटरवरून येणारी. पहिल्याच दिवशी तिने सगुणच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "सगुणबाब, माका सगळां शिकोवचा लागतला हां." सगुण खूश झाला. चार महिने त्याने तिला मनापासून शिकवले. पाचव्या महिन्यात एप्रिल लागला, आणि त्याला कळले की ही आपल्या पुढे आहे.

कसे, ते त्याला कळेना. दुपारी अडीचच्या सुमाराला पूर्वेकडे घाटावर ढग वर चढायला लागत. रोज पाच-सहा उठत, त्यांतले चार तिथेच विरत, एखादा सड्यापर्यंत येई. तो कुठला, हे सांगणे कठीण. सगुण अजून डोळे बारीक करून बघत असे, तोवर रेश्मा आत जाऊन साहेबांना सांगून मोकळी. "साहेब, दोडामार्गाकडचा. चाळीस मिनिटांत आपल्याकडे." आणि चाळीस मिनिटांनी तो येई. एकदा, दोनदा, चारदा. कार्यालयाचे प्रमुख स्वप्नील साहेब वऱ्हाडातले, चाळिशीचे, मोकळ्या मनाचे. ते म्हणाले, "अरे, या पोरीला कुणी कानात सांगतं की काय!"

सगुण हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर नीट बसले नाही.

त्या दिवसापासून त्याला नाही नाही त्या गोष्टी दिसू लागल्या. साहेबांनी चहा मागवला तर आधी रेश्माला विचारले की आपल्याला. टॉवरवरून फोन आला तर "रेश्मा मॅडम आहेत का?" असे विचारतात का. तिचे अक्षर त्याच्यापेक्षा चांगले होते, हेही त्याला आताच दिसले. घरी सांगावे तर देवकी तिच्याच बाजूची. रेश्माच्या आईकडून, गंगाकडून, देवकीने दोन किलो सोलां मागवली होती. कढी भुरकत ती म्हणे, "कसली सोलां मरे! गोडशी, मऊ. आणि त्या गंगाचा बोलणां तर काय. फोन धरलंय की अर्धो तास. लेकूय तशीच गुणाची."

"कढी खारट जाल्या," सगुण म्हणाला.

"तीन वाट्यो प्यायल्यात ती?"

मग साहेबांनी एक दिवस त्याला बोलावले. "सगुणराव, यंदाचं भाषण दोन भागांत करू या. पहिला भाग रेश्मा, दुसरा तुम्ही. पोरीला सवय होईल. तुम्हीही दोन-तीन वर्षांत निवृत्त."

"व्हय साहेब," सगुण म्हणाला. बाहेर आला आणि आभाळाचे आठ भाग पाडायला लागला. तीनदा पाडले, तिन्ही वेळा उत्तर वेगळे आले.

दोन दिवसांनी गुपित कळले, तेही सहज. तो गच्चीवर गेला तेव्हा रेश्मा पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. "आई, दाळ्यो काढल्यो? ... सगळ्यांनी? ... बरां." फोन खिशात घालून ती तडक साहेबांकडे गेली.

सगुण तिथेच उभा राहिला. एप्रिलात लाटंबार्शाच्या वाड्यावर घरोघर अंगणात बांबूच्या चटया, म्हणजे दाळ्या, पसरलेल्या असतात, त्यांवर भिरंडीची, कोकमाची, सोलां वाळत असतात. सोल एकदा भिजले की बुरशी धरते, दहा दिवसांची मेहनत वाया. त्यामुळे घाटाच्या पायथ्याच्या त्या बायका ढगाच्या बाबतीत चुकत नाहीत. आणि लाटंबार्से सड्याच्या पूर्वेला, ढग तिथून इथवर यायला चाळीस मिनिटे घेतो.

पहिल्यांदा त्याला हलके वाटले. म्हणजे पोरीचे डोळे आपल्यापेक्षा चांगले नाहीत! पण लगेच दुसरा हेवा सुरू झाला. तिला पूर्वेला गाव होते, अंगणे होती, फोन उचलणारी आई होती. त्याचे कोरगाव पश्चिमेला. तिथे पाऊस पोचेपर्यंत तो सगळ्या जगाला ठाऊक झालेला असतो. आणि त्याची आई जाऊन अकरा वर्षे झाली होती.

गंगाचा नंबर देवकीच्या फोनमध्ये होता.

पुढच्या मंगळवारी रेश्मा सुट्टीवर होती. पूर्वेकडे एक मोठा ढग वर आला, कडा कडक, रंग पांढराशुभ्र. सगुणने गच्चीवर जाऊन फोन लावला. "गंगाबाय, मी देवकीचो घोव, कोरगावचो. दाळ्यो काढल्यो काय?"

"आयो! सगुणबाब तुमी? काढल्यो तर! सकाळीच काढल्यो. वाड्यार एकूय भायर ना," गंगा घाईत म्हणाली. मागे माणसांचा गलका चालला होता. "मागीर बोलूंया हां, हात शेणाचे आसत."

सगुणने पुढचे काही विचारले नाही. जिन्याच्या दोन दोन पायऱ्या उतरत तो साहेबांकडे गेला. "साहेब, हो येतलोच. चाळीस मिनिटां. सगळो गाव दाळ्यो काढून बसलो आसा." शेवटचे वाक्य साहेबांना समजले नाही, पण बत्तीस वर्षांच्या माणसाच्या आवाजातली खात्री समजली. त्यांनी वरिष्ठांशी बोलून इशारा जाहीर केला. उतरायला आलेली दोन विमाने समुद्रावर घिरट्या घालत राहिली, एक गाडी प्रवासी भरून उन्हात थांबली.

ढग आला नाही. घाटावरच दोन शिंतोडे टाकून विरून गेला. पाच वाजता लख्ख ऊन होते आणि टॉवरमधून एक जण फोनवर विचारत होता, "काय सर, पाऊस कुठल्या खोलीत पडला?"

बुधवारी रेश्मा आली. आल्या आल्या तिने दार लोटले आणि हळूच म्हणाली, "सगुणबाब, तुमी आईक फोन केल्लो?"

सगुण नमुन्याचा कागद सरळ करीत राहिला.

"काल आमच्या वाड्यार देवीची पालखी होती. म्हणान तर मी सुट्टी घेतललंय. पालखी येता त्या दिवसा आंगणात वाळवण ठेयनत नाय. सकाळीच काढतत, शेणान सारयतत." तिच्या तोंडावर हसू आले होते, ते तिने दाबले. "मी नुसत्यो दाळ्यो विचारनंय नाय. वारो खंयसून, कोंबड्यो खंय, शेजारणी काय म्हणतत, सगळां विचारतंय. आणि मागीर आमच्या रडाराचां चित्र बघतंय. साहेबांक मी काय सांगूक नाय हां."

तिने सांगून टाकले असते तर बरे झाले असते, असे सगुणला वाटले. मग निदान तिच्यावर रागावता आले असते.

आठवडा गेला. शुक्रवारी दुपारी ढग उठले, आणि रेश्माने नेहमीप्रमाणे वेळ सांगितली. साडेतीनला सड्यावर पाऊस कोसळला, अठरा मिनिटे धो धो, आणि थांबला. समुद्राच्या बाजूने उजेड फुटला, पश्चिमेचा वारा पुन्हा मंद वाहू लागला, धावपट्टीवरून वाफा निघू लागल्या. तीन विमाने रांगेत उभी होती. पुढची पश्चिमेकडे तोंड करून उडायला अधीर झाली होती. टॉवरचा फोन आला : हवा मोकळी झाली का? रेश्माने यंत्राकडे बघितले. वारा पश्चिमेचा, वेग चार नॉट. ती लिहायला बसली.

सगुण पूर्वेच्या खिडकीशी उभा होता. मागून आलेला दुसरा ढग डिचोलीच्या बाजूला उभा होता. दहा मिनिटांपूर्वी त्याच्या माथ्याच्या कडा कोरल्यासारख्या होत्या; आता त्या पिंजलेल्या कापसासारख्या सुटल्या होत्या. त्याच्या पोटातली पावसाची जाळी पातळ झाली होती आणि तळाशी इकडच्या अंगाला वाकली होती. म्हातारा झाला हा, सगुणच्या मनात आले. आता त्याच्यात वर जाणारा वारा उरला नव्हता. जो काही गार वारा होता तो सगळा खाली पडत होता, आणि जमिनीवर आपटला की चहूकडे पसरणार होता. इथे यायला त्याला आठ-दहा मिनिटे. पश्चिमेकडे पळणाऱ्या विमानाच्या तो बरोबर पाठीवर येणार. समोरचा वारा विमानाला उचलतो, पाठचा वारा आधार काढून घेतो; जमिनीपासून शंभर हातांवर आधार गेला तर वैमानिकाला करण्यासारखे फार थोडे उरते.

हे रेश्माला दिसत नव्हते. लाटंबार्शालाही आता कुणाला विचारता येणार नव्हते, कारण पाऊस लागला की गंगा दार लावून आत बसते आणि विजेच्या भीतीने फोन बंद ठेवते.

आणि सगुण गप्प राहिला.

त्याने स्वतःला पुष्कळ काही सांगितले. टॉवरला दिसेल. वैमानिकांकडे त्यांची यंत्रे असतात. मंगळवारी तोंडघशी पडलो, आज पुन्हा पडलो तर हसतील. पण या सगळ्याच्या तळाशी एक वाक्य होते आणि ते त्याला स्वच्छ ऐकू येत होते : कागदावर सही तिची आहे. चुकू दे एकदा.

दोन मिनिटे गेली. रेश्माने कागद पुरा केला आणि फोनकडे हात नेला. खाली पुढचे विमान वळून धावपट्टीच्या तोंडाशी येत होते. त्याच्या खिडक्यांची रांग सगुणला दिसली. एका खिडकीत कुणीतरी लहान मुलाला बाहेरचे दाखवण्यासाठी काचेशी धरले होते.

"रेश्मा, थांब!" तो ओरडलाच. "सोडू नको. वारो उलटतलो."

"यंत्र चार दाखयता, सगुणबाब."

"यंत्र आताचा दाखयता. त्या ढगाचो माथो बघ. मेलो तो. दहा मिनिटांत पूर्वेचो वारो येतलो, तीस तरी."

रेश्माने त्याच्याकडे बघितले. मंगळवारची गोष्ट जगात तिला एकटीला पुरी ठाऊक होती. तिने विचारले असते, "नक्की?" तर तो कदाचित डगमगला असता. तिने विचारले नाही. फोन उचलून ती टॉवरला म्हणाली, "धरून ठेवा. पूर्वेचा झोत येतोय, दहा मिनिटं कुणालाच सोडू नका."

सहाव्या मिनिटाला पूर्वेच्या कुंपणापलीकडल्या काजूंची पाने उलटी होऊन पांढुरकी दिसली. सातव्या मिनिटाला खिडकी धडधडली. यंत्राचा आकडा चारवरून अकरावर, अकरावरून चौतीसवर गेला आणि दिशा पश्चिमेची पूर्व झाली. थांबलेल्या विमानाचे शेपूट जागच्या जागी थरथरत होते.

पंधरा मिनिटांनी टॉवरमधून फोन आला, "रेश्मा मॅडमना थँक्यू सांगा." साहेब लगबगीने आत आले. "रेश्मा, कमाल केलीस पोरी!"

"साहेब, मी नाही. सगुणबाबांनी सांगितलं. मी तर सोडतच होते."

"हो हो, दोघांचीही कमाल!" साहेब म्हणाले आणि वरिष्ठांचा फोन घ्यायला वळले.

ते 'दोघांचीही' सगुणला दिवसभर टोचत राहिले. घरी देवकीला सगळे सांगितले तर ती म्हणाली, "बघा, पोरीचां मन कितक्या मोठां. आपणहून तुमचां नाव घेतल्यान." सगुणने ताट पुढे सरकवले आणि हात धुवायला उठला. ते दोन मिनिटांचे त्याने बायकोला सांगितले नव्हते.

भाषण मेच्या पहिल्या सोमवारी झाले. सत्तावीस वैमानिक आले होते. पहिला भाग रेश्माचा. सगुण शेवटच्या रांगेत बसला आणि ऐकण्याऐवजी कोण कोण लिहून घेते ते बघत राहिला. बरेच जण घेत होते. तिने ढगाचे पोरवय सांगितले, भरवय सांगितले, वीस मैल, फटी, पंख सपाट ठेवणे. त्याचेच शब्द, पण तिच्या तोंडी ते धुऊन घातलेल्या कपड्यांसारखे वाटत होते. मग ती म्हणाली, "एका खुणेवर कधी विसंबू नका. आमच्याकडे एका निरीक्षकांनी..." आणि तिने नाव न घेता दाळ्यांची आणि पालखीची गोष्ट सांगितली. सभागृह खदखदून हसले. साहेबही हसले, आणि हसता हसता थांबले.

सगुणचे कान तापले. पण ते लाजेने नव्हते, हे त्याला बसल्या जागी उमगले. त्याला त्या हशाचा हेवा वाटत होता. चूक त्याची, गोष्ट त्याची, आणि हशा तिने नेला.

तो पुढे गेला. खडू हातात घेतला, पण ढग काढला नाही.

"तो निरीक्षक मी," तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. पुन्हा हशा झाला, या वेळी थोडा बिचकत. "या मुलीनं गोष्ट अर्धीच सांगितली, कारण उरलेली अर्धी तिला ठाऊक नाही. परवा शुक्रवारी वारा यायच्या सात मिनिटं आधी तुमचं विमान थांबवलं ना? ते नऊ मिनिटं आधी थांबवता आलं असतं. विझत्या ढगाचा वारा मला दिसला होता. मी दोन मिनिटं बोललो नाही."

पहिल्या रांगेत केस पिकलेल्या एक वैमानिक बाई होत्या. त्यांनी वही बाजूला ठेवून विचारले, "का?"

सगुणने रेश्माकडे बघितले. ती भिंतीला टेकून उभी होती, हातातला पाण्याचा पेला तसाच अर्ध्यावर धरलेला.

"ही माझ्यापेक्षा चांगली आहे म्हणून," तो म्हणाला. "हिचं एकदा चुकावं असं वाटलं म्हणून. तुम्ही वर असता. खाली बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कुठलंही रडार दाखवणार नाही. म्हणून विचारत जा. पाऊस थांबला, हवा मोकळी आहे, असं कुणी सांगितलं तरी विचारा : मागचा ढग कुठे आहे, त्याचा माथा कसा आहे, आणखी कुणाला काही दिसतंय का. एकाला नव्हे, दोघांना विचारा."

त्या बाईंनी वही पुन्हा उघडली. लिहिणाऱ्यांकडे सगुणने आज बघितलेच नाही. तो फळ्याकडे वळला आणि म्हाताऱ्या ढगाचा सुटलेला माथा काढू लागला. त्याला दिलेली वीस मिनिटे केव्हाच उलटून गेली, कुणी थांबवले नाही.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रेश्मा पेला ठेवून पहिल्या रांगेत येऊन बसली होती. तिच्या तोंडावर राग होता, चांगला दिसण्याइतका राग, आणि ती वहीत त्याचा ढग उतरवून घेत होती.

"तळाचां वाकणां परत एकदा काढा," ती म्हणाली. "माका दिसाक नाय."

सगुणने ते पुसले आणि परत काढले, या वेळी मोठे.